हजेरीपटातलं अठ्ठाविसावं नाव

मी त्या अंगणात शिरले तेव्हा एक बाई पाच वर्षांच्या पोरीच्या पायाला दोर बांधत होती. दोराचं दुसरं टोक बाजेच्या खुराला होतं. बाईने कमरेला कापूस वेचायची झोळी कसली होती आणि तिची उशीर झाल्याची घाई दिसत होती. पोरगी रडत नव्हती. दोराकडे, आईकडे, माझ्याकडे, कुणाकडेच बघत नव्हती.

मी एकोणीस वर्षांची होते आणि बालवाडी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत होते. शहाद्याजवळच्या, तापीकाठच्या या गावात मला सहा महिन्यांच्या प्रत्यक्ष कामासाठी पाठवलं होतं. तेव्हा नंदुरबार हा जिल्हा नव्हता, सगळा कारभार धुळ्याहून चालायचा. गावच्या बालवाडीची मूळ शिक्षिका बाळंतपणाला माहेरी गेली होती, त्यामुळे चावडीच्या ओसरीतली ती सत्तावीस पोरं एकट्या माझ्या गळ्यात पडली होती. नवीन मुलं गोळा करायला मी घरोघर फिरत होते. स्वभाव मात्र प्रशिक्षणात मिळालेला नव्हता, तो जन्माचाच. दोर पाहिला आणि डोकं फिरलं.

"जनावर आहे का ती? बांधून काय घालता?"

बाईने गाठ पुरी केली, मग मान वर केली.

"बाई, गये वरीस ही इहीरमा पडनी व्हती," ती म्हणाली. "मी कापूस येचू का हिले धरी बसू?"

मागे खळ्याला लागूनच विहीर होती, कठडा नसलेली. पोरीला पाण्याची ओढ होती. सोडली की सरळ तिकडेच धावायची. बाप पहाटेच शेतात जायचा. यावर मला बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मी जास्तच मोठ्याने बोलले. माणूस, सरकार, नवं युग, असं काहीबाही. बाईने ते सगळं ऐकून घेतलं.

"मंग तुम्हीच संभाळा ना," ती म्हणाली.

आली अंगावर तर घेतली शिंगावर. मी खाली बसून गाठ सोडली, पोरीचं मनगट धरलं आणि निघाले. बाई मागून बघत राहिली. तिला वाटलं असणार, दुपारच्या आत परत आणून सोडेल.

आज अशा मुलांना स्वमग्न म्हणतात. त्यांच्यासाठी शाळा आहेत, शिकलेली माणसं आहेत. आमच्या पुस्तकात तेव्हा तो शब्दच नव्हता. पुस्तकात हुशार मूल होतं, लाजाळू मूल होतं, खोडकर मूल होतं आणि 'मंद' मुलावर अर्धं पान होतं. मी ते अर्धं पान चारदा वाचलं. त्यातलं काहीही या पोरीला लागू पडत नव्हतं.

ती गोलात बसायची नाही. ओसरीच्या टोकाला पाण्याचा माठ होता, त्याच्याजवळ जाऊन बसायची. माठ पाझरून खालच्या फरशीवर ओल धरायची, त्या ओलीवर बोट फिरवत ती दोन-दोन तास काढायची. हाक मारली तर बघायची नाही, पण दूरवर कुणाच्या बैलाची घुंगरं वाजली तर मान वळायची. म्हणजे कान शाबूत होते. कुणी अचानक हात लावला तर अंग आखडून घ्यायची. पहिल्या आठवड्यात मी तिला चार वेळा ओढून गोलात बसवलं आणि चारही वेळा ती उठून गेली. पाचव्या वेळी मीच माझी बैठक उचलून माठाजवळ नेली. गोल तिथे केला. ती भिंतीशी, आम्ही तिच्यापुढे. प्रशिक्षणात सांगितलं होतं की बैठक पूर्वेला तोंड करून असावी. आमची दक्षिणेला होऊन बसली.

आता माझी एक चूक सांगते. माझं घर नंदुरबारचं, घरात अहिराणी. प्रशिक्षणात मी पहिल्याच दिवशी 'इथे' म्हणायच्या ऐवजी तोंडातून 'आठे' काढलं आणि सगळा वर्ग खो-खो हसला. तेव्हापासून मी जिभेला लगाम घातला होता. नियमही तसाच होता: मुलांशी शुद्ध भाषेत बोलावे. मी त्या सत्तावीस पोरांशी पुस्तकातलं मराठी बोलत होते. "मुलांनो, आता हात धुवा. स्वच्छ धुवा. रांगेत उभे राहा." पोरं माझ्या हाताच्या खुणा बघून कामं करायची आणि तोंडाने गप्प राहायची. घरी हीच पोरं म्हशीला अशा शिव्या घालायची की म्हातारी माणसं कौतुकाने थांबायची. मला त्यांची गंमत वाटायची, पण ती गप्प का याचा विचार मी केला नाही. मला वाटलं, शिस्त लागली.

तिसऱ्या आठवड्यात ती पोरगी बोलली. मी पाठमोरी होते. मागून आवाज आला, "रांगेत उभे राहा." मी दचकून वळले, कारण तो आवाज माझा होता. शब्द, चाल, शेवटी थोडा चढणारा माझा सूर, सगळं जसंच्या तसं.

मी संध्याकाळी धावत तिच्या आईकडे गेले. "बोलली! तुमची मुलगी बोलली!" बाईच्या हातातलं भाकरीचं पीठ तसंच राहिलं. तिने पोरीला जवळ घेतलं, नाव घेऊन हाक मारली, "बोल ना माय, मन्ही सोनी, बोल." पोरीने चुलीकडे बघत म्हटलं, "मुलांनो, गप्प बसा."

बाईने पोरीला सोडलं. मग हळूच म्हणाली, "हाई तं तुम्हनं बोलणं शे, बाई. तिनं नही."

मला कुणी थोबाडीत मारली असती तर कमी लागलं असतं. खोलीवर येऊन मी रडले, आणि रडून झाल्यावर चिडले. ठरवलं की या पोरीचं बोलणं शोधल्याशिवाय हे गाव सोडायचं नाही.

सापडायला महिना गेला. मी पाठाच्या टाचणवहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवू लागले, ती कधी काय म्हणते. "हात धुवा" हे ती माठाजवळ म्हणायची, पण हात पुढे करायची नाही. एकदा मी सहज पेला भरून दिला तर गटागटा प्यायली. मग लक्षात आलं. पाणी हे मी त्या शब्दांबरोबर द्यायची, म्हणून तिच्या लेखी पाण्याचं नाव तेच झालं होतं. "रांगेत उभे राहा" म्हणजे मला घरी जायचंय, कारण रांग सुटायच्या वेळी लागायची. "मुलांनो, गप्प बसा" म्हणजे कान दुखतात, गोंगाट होतोय. ती माझेच शब्द घ्यायची, पण स्वतःच्या कामाला लावायची. मी ते तिच्या आईला सांगितलं. त्या रात्री पोरगी चुलीजवळ "हात धुवा" म्हणाली आणि आईने पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी बाईने बालवाडीत पोहोचवताना मला गूळ घालून केलेला शेंगदाण्यांचा लाडू दिला.

तोवर पोरगी रोज येत होती. सकाळी आठ ते बारा. ते चार तास तिच्या पायात दोर नसायचा आणि आईच्या जिवाला घोर नसायचा. हजेरीपटात तिचं नाव मी अठ्ठावीस नंबरला लिहिलं होतं.

बिघडलं ते फणीमुळे. आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या पाहणीत स्वच्छतेला दहा गुण होते. मुलांची तोंडं धुवायची, नखं कापायची, तेल लावून भांग पाडायचा. पाहणीला कुणी येणार अशी कुणकुण लागली आणि मला दहा गुण दिसू लागले. तिच्या डोक्याला फणी सहन होत नसे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी एका सकाळी मी तिला दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि विंचरायला घेतलं. ती किंचाळली, सुटायला धडपडली. गावच्या पाटलांचा नातू समोर बसून हसत होता. त्याने तेवढ्यात पुढे होऊन तिची एक बट ओढून पाहिली. ती त्याच्या दंडाला चावली. चांगलं रक्त निघेपर्यंत चावली.

चूक नातवाची थोडी, तिची मुळीच नाही. माझी पुरेपूर. मी तेव्हाच पाटलांच्या दारात जाऊन हे सांगितलं. पाटील मोठे शेतकरी, चावडी त्यांच्याच शब्दावर बालवाडीला मिळालेली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि मग म्हणाले, "बाई, मन्हा नातूले चावनी ती. त्या येडीले घर बसाडा."

"ती येडी नाही," मी म्हटलं.

"मंग काय शे?"

त्यासाठीचा शब्द आमच्या पुस्तकात नव्हता. "ती बालवाडीत येईल," एवढंच म्हणून मी उठले.

पाटलांनी केंद्राकडे अर्ज केला. पोरीचा बाप त्यांच्याच भावकीतला, तिथे उगाच कडवटपणा नको म्हणून अर्जात पोरीचं नाव घातलं नाही; एक वेडसर मूल वर्गात बसवले जाते, इतरांस इजा होते, असं लिहिलं. पंधरा दिवसांनी केंद्राचं पत्र मला आलं. पर्यवेक्षक पाहणीस येतील, सदर मुलाचे नाव हजेरीपटातून कमी करावे लागेल, प्रशिक्षणार्थीने सहकार्य करावे. शेवटच्या ओळीत माझ्या प्रत्यक्ष कामाचे गुणही याच पाहणीत दिले जातील, असं होतं. पत्राचा अर्थ बाईला सांगितला तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे आते पुन्हा दोर?" मी म्हटलं, "बघू कसा पुन्हा दोर ते."

पर्यवेक्षक आले ते शहाद्याहून बैलगाडीने, धुळीने माखून. वयस्कर, देशावरचे, पांढरं धोतर, टोपी, खिशाला दोन पेनं. पोरं माठापुढे गोल करून बसली होती. मी पाठ घेतला, साहेबांनी ऐकला. मग ते स्वतः पुढे झाले.

"मुलांनो, सकाळी उठल्यावर तुम्ही सर्वप्रथम काय करता?"

कुणी बोललं नाही.

"आपल्याला दूध कोण देते?"

सत्तावीस पोरं. ज्यांच्या घरी गायी-म्हशी बांधलेल्या, जी पहाटे धारेचं दूध पिऊन आलेली. एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. साहेबांनी पाटलांच्या नातवापुढे वाकून विचारलं, "तुझे नाव काय, बाळ?" नातवाने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं ठेवलं. नाकातून आलेलं ओठापर्यंत उतरलं.

आणि भिंतीजवळून स्वच्छ आवाज आला, "तुझे नाव काय, बाळ?"

साहेब खूश झाले. "वा! चतुर आहे. उच्चार किती शुद्ध!" ते तिच्याकडे वळले. "तुला काय आवडते, बाळ?"

"हात धुवा," ती म्हणाली. "स्वच्छ धुवा."

"शाबास! याला म्हणतात संस्कार." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी पेला भरून तिला दिला, ती प्यायली. साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते नातवाकडे बघत होते. लाल शाईचं पेन काढून त्यांनी हजेरीपट मागितला.

"तक्रार खरी आहे तर. हे मूल इथे बसण्याजोगे नाही. याचे नाव सांगा."

खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, खोडू द्यावं. पाटलांना कळू दे. पण नातू बिचारा भेदरून माझ्याकडेच बघत होता.

"साहेब, तो पाटलांचा नातू आहे. दिवसभर त्याचं तोंड मिटत नाही. तुमची भाषा त्याला कळत नाही, एवढंच."

"मग तक्रार कोणाबद्दल आहे?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. "कुणाबद्दलच नाही साहेब, अर्ज खोटा आहे," म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती, पोरगी वर्गात राहिली असती आणि मला भरघोस गुण मिळाले असते. चांगला मार्ग समोर उघडा होता. पण त्या 'शुद्ध' शब्दाने माझं डोकं आधीच तापलं होतं.

"तुम्ही जिला शाबास म्हणालात तिच्याबद्दल," मी म्हटलं. "ती तुम्हाला उत्तर देत नव्हती. तिला तहान लागली होती. ऐकलेलंच परत बोलते ती, माझं, तुमचं. पण त्यातून पाणी मागते. आणि या बाकीच्या सत्तावीस पोरांची बोलती तुम्ही बंद केलीत, मीही केली. ती मुकी नाहीत आणि ही वेडी नाही. आता खोडायचं ते खोडा."

साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. आपण फसलो, आणि एका पोरसवदा मुलीसमोर फसलो, हे त्यांना झोंबलं. त्यांनी नाव विचारलं, अठ्ठावीस नंबरवर लाल रेघ ओढली, सही केली. "नियम आहेत," म्हणाले. बालवाडीत वाटायला येणारी सरकारी दुधाची भुकटी पटावरच्या मुलांसाठीच आहे, असंही म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

गाडी वळली आणि माझा ताठा गळून पडला. बोलून मोकळी मी झाले होते. दोर पडणार होता तो तिच्या पायात. माझ्या जिभेची किंमत तिने मोजायची, हा कुठला न्याय? त्या दिवसाची लाज मला अजून वाटते आणि वाटायलाच हवी.

संध्याकाळी गेले तर गावभर कळलेलं होतं. बाई ओट्यावर बसली होती, दोर हातात होता. शिव्या घालेल म्हणून मी तयारीने गेले होते.

"नाव खोडं ना साहेबनी?" तिने विचारलं.

"नाव खोडलं. पोरगी कुठे खोडली? उद्या आठला तयार ठेवा."

"तुम्हले काही करतीन ना त्या?"

"करू देत."

दुसऱ्या दिवशी मी तिला आणलं. हजेरीपटात लाल रेघेच्या खाली, नव्या ओळीवर, निळ्या शाईने तेच नाव पुन्हा लिहिलं आणि पुढे हजेरी मांडली. महिन्याचा तक्ता केंद्राकडे गेला, तिकडून लाल रेघ घेऊन परत आला. मी पुढच्या महिन्यात परत लिहिलं. तिच्या वाटणीचं दूध मी माझ्या पेल्यातून दिलं. आणि त्याच दिवसापासून मी पोरांशी अहिराणी बोलू लागले, सगळ्यांना एकदम हाळी देऊ लागले. "चाला रे, हात धवा बठासनी!" पोरं आधी एकमेकांकडे बघत राहिली, मग अशी काही सुटली की चावडी डोक्यावर घेतली. त्या गोंगाटाने ती पोरगी कानांवर हात ठेवून पार ओसरीच्या टोकाला गेली. एकाला सुख झालं की दुसऱ्याला त्रास. मग आम्ही रोज थोडा वेळ बोलायचा आणि थोडा वेळ न बोलायचा ठेवला. पोरांनीच तो पाळला, पाटलांच्या नातवाने सगळ्यांत कडक.

पाटलांना मी जाऊन सांगितलं की साहेब तुमच्या नातवाचं नाव खोडायला निघाले होते. अर्ज त्यांनी मागे घेतला नाही. पण चावडीला कुलूपही लावलं नाही.

होळीनंतर पलीकडच्या मळ्यातला एक सालदार आपल्या चार वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन आला. तो मुलगा तोंडातून एक अक्षर काढत नव्हता, नुसता डोलत बसायचा. "तुम्ही अशा पोरं लेतस म्हने," सालदार म्हणाला. मी नंबर एकोणतीस लिहिला. लाल शाई त्यांच्याकडे भरपूर होती, निळी माझ्याकडे.

उन्हाळ्यात निकालाचं पत्र आलं. लेखी परीक्षेत मी वरच्या पाचांत होते. प्रत्यक्ष कामात नापास. आदेशाचे पालन न करणे, हजेरीपटात अनधिकृत नोंदी. प्रमाणपत्र मिळणार नाही. पुढचं पूर्ण वर्ष त्याच गावच्या बालवाडीत काम करून पुन्हा पाहणी द्यावी लागेल. मी आयुष्यात कधी नापास झाले नव्हते. घरी काय तोंड दाखवू, याने मला भडभडून आलं. रागाने पत्राचा बोळा केला, परत उलगडला, आणि काय सुचलं कोण जाणे, तोच हातात घेऊन त्या अंगणात गेले.

बाई धान्य पाखडत होती. पोरगी सावलीत मोकळी बसली होती, ओल्या मातीत बोट फिरवत. मी पत्र वाचून दाखवलं, नापास म्हणजे काय ते समजावलं, बोलता बोलता परत रडले.

बाईने सूप खाली ठेवलं. "म्हणजे आखो एक वरीस तुम्ही आठेच?"

"हो."

"देव पावना वं माय!" तिच्या तोंडून निघून गेलं. चेहरा असा फुलला की मी तसा तो कधीच पाहिला नव्हता. पुढच्याच क्षणी आपण काय बोललो हे तिला कळलं आणि तिने पदराचा बोळा तोंडावर दाबला. डोळे मात्र लपवता आले नाहीत.

मी नाक पुसलं. "हां," मी म्हटलं, "आठेच शे मी."